मेटा श्वास घेईपर्यंत

१

एल्सेबेट सोबतीला बसायची. गावातल्या वृद्धनिवासात कुणाचा शेवट जवळ आला आणि जवळचं माणूस नसलं, किंवा असूनही थकलं, की तिला फोन यायचा. ती सायकलला पिशवी अडकवून निघायची. पिशवीत लोकरीचे मोजे, अर्धवट विणकाम, ओठ ओले करायच्या कापसाच्या काड्या आणि स्वतःसाठी लोणी लावलेले राय धान्याच्या काळ्या पावाचे दोन तुकडे. चाळीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात राबलेली बाई ती. उपाशीपोटी कुणाचं दुःख बघायला जाऊ नये, असं तिचं साधं मत होतं.

मरणाचं तिला भय नव्हतं. "मरणारं माणूस काय करणार आहे तुम्हाला?" ती म्हणायची. "डोकं खातात ते जिवंत नातेवाईक." चार हिवाळ्यांत तिनं एकोणीस जणांचे हात हातात धरले होते. कामाची रीतही ठरलेली. श्वास थांबला की उगीच धावाधाव करायची नाही. पाच मिनिटं तसंच बसायचं, मग डोळे मिटायचे, वेळ कागदावर लिहायची आणि खिडकी उघडायची.

युटलंडच्या त्या किनाऱ्यावर खिडकी सगळेच उघडतात. पाद्रीबाई त्यावर काही बोलत नाहीत, डॉक्टर हसत नाहीत, आणि का म्हणून विचारलं तर लोक सांगतात, खोलीत जरा हवा खेळू दे. घटकाभरानं खिडकी लावायची आणि मग कॉफी ठेवायची. एल्सेबेटनं हे एकोणीस वेळा केलं होतं.

विसावी मेटा. पहिल्या मजल्यावर, समुद्राच्या बाजूच्या खोलीत ती आणि तिचा नवरा लाउरिट्स तीन वर्षं राहत होते. लाउरिट्स नव्वदीचा, जन्मभर मासेमारी केलेला. हात अजून दोरखंड सोडत नसल्यासारखे वाकलेले. तो पलंगाला खुर्ची लावून बसला होता आणि मेटाचा श्वास ऐकत होता. शेवटी शेवटी श्वास असाच होतो: एक येतो, मग काहीच नाही, बराच वेळ काहीच नाही, आणि आता संपलं असं वाटतं तोवर पुन्हा एक.

"बावीस," लाउरिट्स म्हणाला.

"काय मोजताय?"

"मधली जागा. समुद्रात दीपगृहाच्या दोन उजेडांमधली जागा अशीच मोजतात, पोरी. सेकंद कळले की आपण कुठं आहोत ते कळतं."

दुपारी सव्वादोनला मेटानं एक श्वास घेतला आणि त्यानंतर घेतला नाही. एल्सेबेट पाच मिनिटं थांबली. डोळे मिटले, वेळ लिहिली, उठली आणि खिडकीच्या कडीला हात घातला.

"नको," लाउरिट्स म्हणाला.

"लाउरिट्स, जरा हवा—"

"बाहेर नोव्हेंबर आहे. एकसष्ट वर्षं तिनं मला कधी दार उघडं टाकू दिलं नाही. तू तिला अशा धुक्यात काढणार?" त्याचा आवाज फाटला. "कॉफीपर्यंत. तेवढंच मागतोय. कॉफीपर्यंत राहू दे तिला."

म्हाताऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावर पाण्याचा थेंब लोंबत होता आणि तो पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. एल्सेबेटनं कडीवरचा हात काढून घेतला.

२

यानिक कॉफीचा ट्रे घेऊन आला. या मजल्यावर सेवेला असलेला हा आडदांड माणूस, पस्तिशीचा. दंडावर जहाजाचा नांगर गोंदवलेला आणि बोटीत पाय ठेवला की ओकारी. त्यानं ट्रे ठेवला, मेटाच्या कपाळाला हात लावला आणि हळूच म्हणाला, "गेलीस ना बये, निरोप न घेता." मग त्यानं खिडकीकडे पाहिलं.

"उघडली होती?"

आता खरं सांगायचं तर सांगता आलं असतं. पण लाउरिट्स तिच्याकडे बघत होता.

"उघडली आणि लावली," एल्सेबेट म्हणाली. "गारठा फार आहे."

"बरं झालं." यानिकनं कागदावर बरोबरची खूण केली आणि निघून गेला. एकदा केलेली गोष्ट मग दुसरं कुणी कशाला करील?

दोघं कॉफी प्यायले. लाउरिट्सनं कप बशीत ठेवला, मान जराशी कलती केली आणि म्हणाला, "घेतला."

"काय घेतला?"

"तिनं. श्वास."

एल्सेबेटला हे नवीन नव्हतं. माणूस गेल्यावर छातीत अडकलेली हवा बाहेर पडते, कण्हल्यासारखा आवाज येतो, नवख्या मुली किंचाळत पळतात. तिनं मेटाच्या जबड्याखाली दोन बोटं ठेवली. कातडी गार पडायला लागली होती. तिनं मायेनं लाउरिट्सला समजावलं, आणि ती समजावत असतानाच तो आवाज आला. कण्हणं नव्हतं ते, हवा बाहेर पडण्याचा आवाजही नव्हता. हवा आत घेतल्याचा आवाज होता, उशीच्या उंचीवरून आलेला.

मेटाची छाती हलली नव्हती. तिच्यावरच्या चादरीची घडी सकाळपासून होती तशीच होती.

'पाईप असेल,' एल्सेबेटनं स्वतःला सांगितलं. जुनी इमारत, जुने पाईप. कॉफी तर कधीच पिऊन झाली होती, पण खिडकी उघडायची ती उघडली नाही. दमले होते म्हणून राहिली, अशी तिनं नंतर मनाची समजूत घातली. खरं म्हणजे तिला त्या पलंगाला वळसा घालून खिडकीपर्यंत जायचं नव्हतं.

३

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मेटाला गाऊन निरोप दिला. तिथं तशीच पद्धत आहे. शवपेटी पुढच्या दारानं निघते, मागच्या नाही, आणि चाकाच्या खुर्च्यांवरचे म्हातारे, नर्सा, स्वयंपाकी सगळे दोन्ही बाजूंना उभे राहून एक भजन म्हणतात. अंगणातला झेंडा अर्ध्यावर असतो. गाडी फाटकाबाहेर पडली की तो पुन्हा टोकाला चढवायचा. यानिकनं दोरी ओढली, झेंडा वर गेला. सगळे आत पळाले, कारण वारा कापत होता.

लाउरिट्स खाली आलाच नाही.

"चला ना हो," एल्सेबेट वर जाऊन म्हणाली होती. "उद्या हळहळाल."

"कुणाला निरोप द्यायला जाऊ?" तो म्हणाला. तो पलंगाशेजारच्या खुर्चीतच बसला होता. "तू गा जा तिकडं. आवाज चांगला आहे तुझा. दारं मात्र नीट लाव."

तिनं दार लावलं. जिना उतरताना मात्र तिचे पाय जरा लवकरच चालले.

४

सोबतीला बसणाऱ्यांनी मागे राहिलेल्यालाही चार-सहा वेळा भेटायला जायचं असतं. दफनानंतरच्या बुधवारी एल्सेबेट दालचिनीचे बन घेऊन गेली. पलंग नेला होता. जमिनीच्या लिनोलियमवर त्याच्या आकाराची फिकी जागा उरली होती आणि लाउरिट्सची खुर्ची तिच्या कडेला होती तशीच लावलेली. तो खूश दिसत होता. एवढं खूश दिसणारं माणूस आठवड्याभरापूर्वी बायको गमावलेलं नसतं. पण ओठ निळसर पडले होते आणि गाल आत गेले होते.

"बस, पोरी. बन आणलेस? तिला हे फार—"

तो मध्येच थांबला. शब्द विसरतो तसा नाही. बोलता बोलता सगळाच थांबला. डोळे उघडे, तोंड अर्धवट, छाती स्थिर. एल्सेबेट भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. दहा सेकंद. वीस. तीस. ती उठायला गेली, तोच त्या फिक्या जागेच्या वरून, उशी असायची त्या उंचीवरून, कुणीतरी श्वास आत घेतला. लगेच लाउरिट्सनंही घेतला.

"—आवडायचे," त्यानं वाक्य पुरं केलं. "अडतीस झाले. काल चौतीस होते."

एल्सेबेटच्या हातातला बन खाली पडला. "लाउरिट्स, तुम्ही श्वास रोखून धरताय."

"रोखत नाही. थांबतो." त्यानं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तीच वेडी. "एकसष्ट वर्षं टेबलाशी बसलो, ती बसेपर्यंत चमचा उचलला नाही. ती घेत नाही तोवर मी कसा घेऊ?"

एल्सेबेटनं खोली पालथी घातली. हीटरला कान लावला, न्हाणीघरातला पंखा बंद केला, कपाट उघडून मेटाचे कोट बाजूला सारले. हा सगळा वेळ अडतीस सेकंदांनी तो आवाज येत होता. ती जिथं शोधत असे तिथून कधीच नाही, नेहमी तिच्या पाठीमागून, त्या फिक्या जागेवरून.

खाली जाऊन तिनं यानिकला गाठलं. "हीटरमध्ये हवा अडकलीय वरच्या खोलीत."

"काढली मी. दोनदा." यानिक तिच्याकडे न बघता कपबशा रचत होता. "म्हटलं, हीटरचं पोट बिघडलंय. मग नवीनच बसवला."

"आणि?"

"आणि काय. मी आता गोळ्या द्यायला जातो तेव्हा रेडिओ मोठा लावतो." तो हसला, पण हसू काही धड उमटलं नाही. "डॉक्टर म्हणतात, लाउरिट्सच्या रक्तातला प्राणवायू रोज कमी होतोय. फुप्फुसं चांगली आहेत, हृदयही चांगलं आहे. दुःखात माणूस श्वास घ्यायला विसरतो म्हणे. असंच चाललं तर रविवार निघणार नाही."

एल्सेबेट भिंतीला टेकली. "यानिक, मी खिडकी उघडली नव्हती."

त्यानं हातातली कपबशी खाली ठेवली. "मग उघडा ना," तो म्हणाला. "कडी काय हलवता येत नाही?"

"तूही चल."

"मी दाराशी उभा राहतो," यानिक म्हणाला. "आत नाही. रुसायचं तर रुसा."

५

शुक्रवारी दुपारी ती गेली. श्वासांमधली जागा त्रेपन्न सेकंदांवर गेली होती. लाउरिट्सची नखंही आता निळी होती, आणि बोलायचं तर एका श्वासात जेवढं मावेल तेवढंच तो बोलत असे.

एल्सेबेट त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. "माझी चूक झाली," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमची दया आली आणि जे करायचं ते मी केलं नाही. आता करणार आहे. तुम्ही शिव्या घाला, पण करणार आहे."

लाउरिट्स रडायला लागला. रडायलाही त्याला हवा पुरत नव्हती, नुसते खांदे हलत होते.

"तिला सवय नाही," तो म्हणाला. मग थांबला. त्रेपन्न सेकंदांनी पुढचं वाक्य आलं. "एकटं जायची."

"आणि तुम्ही असेच गेलात तर तिला बरं वाटेल?"

एल्सेबेट उठली. फिक्या जागेवर पाय न देता, भिंतीला चिकटून ती खिडकीपर्यंत गेली. दाराशी यानिक उभा होता, खिशात हात घालून, एखाद्या पोरासारखा पायांवर झुलत. तिनं कडी काढली आणि दोन्ही झडपा बाहेर ढकलल्या.

बाहेर धुकं होतं, वाऱ्याचा मागमूस नाही. काही क्षण काहीच झालं नाही. मग पडदा हलला. आत नाही, बाहेरच्या बाजूला. अगदी सावकाश तो चौकटीबाहेर गेला, आणि जाताना त्याच्यामागे माणसाच्या जाडीचं काहीतरी होतं, वाकून, काळजीपूर्वक, उंबरा ओलांडताना म्हातारी बाई पाय टाकते तसं. मग कापड सैल पडलं आणि चौकटीला लोंबत राहिलं.

"पाहिलंस?" एल्सेबेटनं विचारलं.

"मी खाली बघत होतो," यानिक म्हणाला.

खोली एकदम रिकामी वाटली. घड्याळाची टिकटिक इतके दिवस असायचीच, ती आता ऐकू आली. लाउरिट्सनं मोठा श्वास घेतला, मग दुसरा, मग तिसरा, आणि तो हमसून हमसून रडला. रडणाऱ्या माणसाला लागते तेवढी हवा त्या दिवशी त्याला मिळाली. एल्सेबेटनं खिडकी लावली, त्याच्याजवळ बसली आणि तीही रडली. यानिक कॉफी आणायला पळाला. चार वाजता लाउरिट्सनं हेरिंग मासा घातलेला अख्खा पाव खाल्ला.

६

शनिवारी सकाळी दहाला यानिकचा फोन आला. "या तुम्ही. फक्त या."

लाउरिट्सनं खुर्ची फिरवून खिडकीसमोर घेतली होती. पाठ दाराकडे. तो हलत नव्हता. एल्सेबेटला वाटलं सगळं संपलं, पण तेवढ्यात त्याच्या खांद्यांनी एक श्वास घेतला आणि ते पुन्हा स्थिर झाले.

खोलीत कसलाही आवाज नव्हता. ती त्याच्या शेजारी गेली आणि तो बघत होता तिकडं बघितलं. काच स्वच्छ होती. मग काचेवर, माणसाच्या तोंडाच्या उंचीला, वाफेचा एक गोल उमटला. तो हळूहळू आकसत नाहीसा झाला. एल्सेबेटनं बाही ओढून काच पुसली. बराच वेळ गेला आणि गोल पुन्हा तिथंच उमटला. वाफ बाहेरच्या बाजूला होती. खिडकीखाली पंधरा फूट खोल फरसबंदी, आणि चढून यायला ना शिडी, ना झाड.

"बाहेर ठेवलंस तिला," लाउरिट्स म्हणाला. राग नव्हता आवाजात. "एकसष्ट झाले."

एल्सेबेट घाबरली, पण त्याहून तिला संताप आला. मेटाचा नाही, त्या वाफेचा. तिनं पडदा खसकन ओढला, मग त्यावर जाड पडदाही ओढला. "बास झालं," ती म्हणाली. "आता बघायचंच नाही."

लाउरिट्सनं पडद्याकडे पाहिलं. आता ऐकू येत नव्हतं, दिसतही नव्हतं. कधी घ्यायचा ते त्याला कळेना. तो थांबला. एकसष्ट सेकंद गेले, सत्तर गेले. मान मागे कलली, ओठांचा रंग शिळ्या मांसासारखा झाला, डोळे मात्र तिच्यावर रोखलेले, एवढंच विचारत: घेतला का?

"घेतला!" एल्सेबेट ओरडली. "लाउरिट्स, तिनं घेतला! घ्या!"

त्यानं घेतला.

७

स्वयंपाकघरात आयुष्य गेलेली बाई हातपाय गाळून बसत नाही. एल्सेबेटनं खुर्ची ओढली, विणकाम मांडीवर घेतलं आणि तिला कळलं, की उपाय तिच्याच तोंडात आहे. ती सांगेल तेव्हा तो घेईल. मग थोडं थोडं लवकर सांगायचं. पोराला पान्ह्यावरून वाटीवर आणतात, तसं.

"घेतला," ती पन्नासाव्या सेकंदाला म्हणाली. तासाभरानं चाळिसाव्याला. जेवणाच्या वेळेला तिसाव्याला. लाउरिट्स तिच्या ओठांकडे बघत होता आणि आज्ञाधारकपणे घेत होता. मरणाऱ्याशी, मागे राहिलेल्याशी खोटं बोलायचं नाही, हे सोबतीला बसणाऱ्यांना पहिल्याच दिवशी सांगतात. ती शेकड्यानं खोटं बोलली. दुपारी दोनला वीस सेकंद. नखं पांढरी झाली, मग गुलाबी. अडीचला दहा. यानिक मध्ये मध्ये डोकावत होता. त्यानं लाउरिट्सच्या बोटाला प्राणवायू मोजायचं यंत्र लावून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"बाई, तुम्ही डॉक्टर व्हायला हवं होतं," तो म्हणाला. "त्र्याण्णव!"

मग लाउरिट्स तिच्याकडे न बघताच घ्यायला लागला. ती "घेतला" म्हणायच्या आत त्याचा घेऊन झालेला असे. तिनं म्हणणं थांबवलं आणि कान देऊन ऐकलं. साधा, म्हाताऱ्या माणसाचा, जरासा घरघरता श्वास, एकामागून एक. त्याच्या गालांवर रंग आला होता. जिंकले, तिच्या मनात आलं. पहिल्यांदाच कुणाला तरी मागे ओढून आणलं.

लाउरिट्सनं यानिकनं आणून ठेवलेल्या बनचा तुकडा मोडला, चावला, गिळला. मग त्याचा हात थांबला.

"आणि तू, पोरी?" तो म्हणाला.

एल्सेबेटला 'काय?' म्हणायचं होतं. म्हणता आलं नाही. म्हणायला आत काही नव्हतंच. मांडीवरच्या विणकामाकडे तिनं पाहिलं, सुया धरलेली बोटं निळी होती. कधीपासून? अडीचपासून? त्याच्या आधीपासून? तो घेईल की नाही हे बघत असताना, कान तिकडं, पडद्याच्या पलीकडे कधी गेला, ते तिचं तिलाच कळलं नव्हतं.

लाउरिट्स उठला. खुर्चीचा आधार घेत तिच्यापर्यंत आला आणि त्यानं आपला वाकलेला, आता गरम झालेला हात तिच्या हातावर ठेवला. यानिक दारातून धावत येत होता, काहीतरी ओरडत होता.

"घेतला गं तिनं," लाउरिट्स अगदी मायेनं म्हणाला, ती दिवसभर त्याला म्हणत होती तसंच. "खरंच घेतला. घे आता."

म्हातारा चांगल्या मनानं सांगत होता, ते तिला दिसत होतं. पण मेटानं अजून घेतलेला नाही, हे एल्सेबेटला पक्कं ठाऊक होतं. ती थांबली.